ग्रामसभेच्या नोंदी जोडून ठेवण्यासाठी कोणती व्यवस्था निवडावी: पाच पर्यायांचा तुलनात्मक आढावा

वनहक्क कायदा 2006 लागू झाल्यापासून पूर्व विदर्भातील अनेक ग्रामसभांकडे कागदांचा मोठा साठा जमा झाला आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर कितीतरी ग्रामसभा तेंदूपानांचा व्यवहार, बांबूची तोड, मोहफुलांची खरेदी आणि तलावांतील मासेमारी यांविषयी स्वतः ठराव करू लागल्या. दाव्याच्या फाइली, निस्तार पत्रकाच्या (गावाच्या जंगल-पाणी वापराच्या हक्कांच्या महसुली नोंदीच्या) नकला, ठरावांची रजिस्टरे, मजुरीची मस्टरे, लोक जैवविविधता नोंदवही हे सारे आता गावाचे दप्तर आहे. हा आढावा अशा ग्रामसभेसाठी किंवा ग्रामसभांच्या महासंघासाठी आहे, जिला या नोंदी संगणकावर एकमेकींशी जोडून ठेवायच्या आहेत आणि त्यासाठी कोणते साधन घ्यावे हे ठरवायचे आहे.

नोंदी जोडणे म्हणजे नेमके काय, हे एका माजी मालगुजारी तलावावरून, म्हणजे पूर्वी मालगुजाराच्या (गावच्या जमीनदाराच्या) ताब्यात असलेल्या तलावावरून, स्पष्ट होईल. तलावाखालच्या शेतांचा पाण्याचा हक्क निस्तार पत्रकात लिहिलेला असतो. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारकडे गेले, तो बदल महसुली दप्तरात सापडतो. पाळीच्या (बांधाच्या) आणि तुडुमाच्या (पाणी सोडण्याच्या दाराच्या) दुरुस्तीचे अंदाजपत्रक पंचायतीकडे असते, मासेमारीचा ठराव ग्रामसभेच्या रजिस्टरात असतो आणि तलावातील मासे व पाणवनस्पती जैवविविधता नोंदवहीत असतात. फोल्डरांच्या पद्धतीत मासेमारीचा ठराव ‘तलाव’ या फोल्डरात ठेवायचा की ‘ठराव’ या फोल्डरात, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो, आणि उत्तर काहीही दिले तरी शोधणाऱ्यांपैकी अर्धे लोक चुकीच्या जागी शोधतात. दुव्यांच्या (लिंकच्या) पद्धतीत ठरावाचे पान एकच असते. तलावाचे, ढिवर (मासेमार) संस्थेचे आणि त्या वर्षीच्या सभेचे पान त्याच्याकडे बोट दाखवते.

ही कल्पना जुनी आहे. व्हॅनेव्हर बुश यांनी 1945 मध्ये अशा यंत्राचे वर्णन केले, ज्यात वाचणारा एका कागदापासून दुसऱ्यापर्यंत स्वतःची वाट आखून ती साठवून ठेवू शकेल. टेड नेल्सन यांनी 1965 मध्ये हायपरटेक्स्ट (दुव्यांनी जोडलेला मजकूर) हा शब्द छापील लेखनात आणला. दुवा दोन्ही टोकांकडून दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला तेव्हा मात्र दुवा एकाच दिशेचा ठेवला. त्यामुळे कोणाचीही परवानगी न घेता कोणत्याही पानाला दुवा देता येऊ लागला आणि वेब जगभर पसरले. पण समोरचे पान हलले की दुवा तुटतो आणि आपल्या पानाकडे कोण बोट दाखवत आहे हे आपल्याला कळत नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच पाने लिहिता-बदलता येतील असे संकेतस्थळ, सुरू केली. अजून न लिहिलेल्या पानालाही दुवा देण्याची आणि त्यावर टिचकी मारून तेथेच लिहायला बसण्याची सोय तिच्यात होती. ग्रामसभेसाठी ही सोय फार मोलाची आहे, कारण गावाचे ज्ञान कधीच एकदम गोळा होत नाही. ‘बोडी’ (लहान तळे) असा दुवा आज द्यावा आणि ते पान एखाद्या जाणत्या माणसाशी बोलणे झाल्यावर पुढच्या महिन्यात भरावे, असेच काम चालते.

आणखी एक धडा झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील नोटकार्ड्स या प्रणालीवर काम केलेल्या फ्रँक हॅलाझ यांनी 1987 मध्ये मांडला. प्रत्येक कार्ड लिहितानाच त्याला नाव द्या आणि ते कोणत्या कप्प्यात जाईल ते सांगा, अशी सक्ती केली की माणसे अडखळतात, कारण विषयाची रचना त्यांना काम करता करता उमगत असते. म्हणून साधन निवडताना सुरुवातीची मांडणी किती सुबक दिसते यापेक्षा तीन वर्षांनी ती मांडणी किती कमी मोडतोडीत बदलता येईल, हे पाहावे. माझ्या मते या निवडीत याहून महत्त्वाची कसोटी नाही. तिच्याबरोबर आणखी तीन गोष्टी तपासाव्यात: नेटवर्क नसताना काम चालते का, कोणाला काय दिसावे हे ठरवता येते का, आणि ते साधन बंद पडले तर हातात काय उरते.

बहुतेक ठिकाणी आज व्हॉट्सॲपचा गट आणि एका कार्यकर्त्याच्या नावावरचे गुगल ड्राइव्ह एवढीच व्यवस्था असते. तिची उपयुक्तता नाकारता येत नाही. ठरावाचा फोटो सभा संपायच्या आत सर्वांपर्यंत पोहोचतो आणि कोणालाही काही शिकवावे लागत नाही. परंतु गटातील संदेश हे वाहते पाणी आहे. मागच्या उन्हाळ्यातील तेंदू फळीचा (पाने गोळा करण्याच्या केंद्राचा) हिशेब तेथे शोधून सापडत नाही आणि बॅकअप घेतलेला नसेल तर फोन बदलला की तोही जातो. ड्राइव्हमध्ये पंधरा जीबीपर्यंत जागा मोफत मिळते आणि एका दस्तऐवजातून दुसऱ्याला दुवाही देता येतो, पण त्या दस्तऐवजाकडे कोठून कोठून दुवे आले आहेत हे दिसत नाही. शिवाय सारे काही एका व्यक्तीच्या खात्यावर अवलंबून राहते, आणि दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचे गुगलचे धोरण आहे. ही व्यवस्था निरोपासाठी ठेवावी. दप्तर म्हणून तिच्यावर विसंबू नये.

मीडियाविकी ही विकिपीडियाची प्रणाली आहे. मराठी विकिपीडिया 2003 पासून तिच्यावर चालतो, त्यामुळे तिचे मराठी रूप चांगले रुळलेले आहे. पानाचे नाव बदलले की जुन्या नावावरून नव्या नावाकडे पुनर्निर्देशन आपोआप तयार होते, म्हणजे एकही दुवा तुटत नाही. ‘येथे काय जोडले आहे’ या सोयीने उलट दुवे, म्हणजे त्या पानाकडे कोठून कोठून दुवे येतात ते, दिसतात. एकाच झाडाला कोणी तेंदू म्हणतो, कोणी टेंभुर्णी म्हणतो आणि गोंडी बोलणाऱ्यांचे नाव आणखी वेगळे असते. ही सारी नावे एका पानाकडे वळवण्याची जितकी सरळ सोय मीडियाविकीत आहे, तितकी बाकीच्या पर्यायांत नाही. जैवविविधता नोंदवहीसाठी हा मोठाच गुण आहे.

मात्र तिच्या दोन मर्यादा गंभीर आहेत. तिला सर्व्हरवर पीएचपी ही संगणकभाषा आणि तिच्याबरोबर डेटाबेस लागतो, वेळोवेळी नवी आवृत्ती चढवावी लागते आणि हे करणारा जाणकार माणूस कायम जवळ असावा लागतो. दुसरी मर्यादा मला अधिक महत्त्वाची वाटते. मीडियाविकी मुळात सर्वांना सर्व काही वाचता यावे यासाठी घडवलेली आहे. काही पाने काही लोकांपासूनच लपवणे हे तिचे काम नाही, आणि जोडण्या (मूळ प्रणालीला वेगळे बसवायचे भाग) लावून तसे केले तरी त्यातून माहिती झिरपू शकते. एखाद्या वनस्पतीचा औषधी उपयोग, ती कोणत्या नाल्याच्या काठी सापडते, लिलावाआधी ग्रामसभेने मनाशी ठरवलेला किमान दर, या गोष्टी उघड्या पडल्या तर नुकसान गावाचेच होते. ज्याने विश्वासाने माहिती सांगितली त्याची संमती जितकी, तितकीच ती पसरली पाहिजे.

डोकुविकी ही आंद्रेआस गोर यांनी 2004 मध्ये सुरू केलेली विकी आहे. तिला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान ही एक साधी मजकुराची फाइल असते. पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला की बॅकअप झाला, आणि उद्या डोकुविकीच नाहीशी झाली तरी त्या फाइली कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येतील. विभागवार परवानग्या तिच्यात मुळातच आहेत: ‘ठराव’ विभाग सर्वांनी वाचावा, ‘औषधी’ विभाग केवळ जैवविविधता व्यवस्थापन समितीने, अशी विभागणी करता येते. एक जण पान दुरुस्त करत असताना ते दुसऱ्यासाठी ठरावीक काळ कुलूपबंद राहते आणि प्रत्येक बदलाची जुनी आवृत्ती जपली जाते. महासंघाच्या कार्यालयात रास्पबेरी पायसारखा लहानसा संगणक आणि एक वायफाय राउटर ठेवला, तर इंटरनेट नसतानाही बैठकीला आलेले सारे आपापल्या फोनवर ही पाने उघडू शकतात. भामरागड किंवा धारणीसारख्या तालुक्यात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तिचे दोषही मांडले पाहिजेत. पानाचे नाव बदलण्याची सोय मूळ संचात नाही, त्यासाठी ‘मूव्ह’ नावाची जोडणी वेगळी बसवावी लागते. पुनर्निर्देशनासाठीही जोडणीच लागते. मराठी वापरणाऱ्यांना छळणारी एक अडचण तर आधीच माहीत असलेली बरी. डोकुविकी फाइलचे नाव लिहिताना प्रत्येक देवनागरी चिन्हाचे नऊ रोमन चिन्हांत रूपांतर करते, आणि लिनक्सवर फाइलच्या नावाची कमाल मर्यादा 255 बाइटांची असते. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हेही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात, म्हणून साधारण पंचवीस चिन्हांहून लांब शीर्षक दिले की पान जतन होण्यात अडचण येते. ‘सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती’ एवढे नावही त्या मर्यादेपलीकडे जाते. फाइलनावांची पद्धत बदलून युनिकोड (देवनागरी अक्षरे तशीच साठवणारी प्रमाण पद्धत) ठेवली की हा त्रास जातो, पण ती पहिले पान लिहिण्यापूर्वीच बदलावी.

टिडलीविकी हा जेरेमी रस्टन यांचा 2004 चाच प्रकल्प असला तरी त्याची घडण अगदी निराळी आहे. संपूर्ण विकी एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मावते. ती ब्राउझरमध्ये उघडायची, लिहायचे आणि जतन करायचे. सर्व्हर, खाते, पासवर्ड यांपैकी काहीही लागत नाही. मजकुराचे लहान लहान तुकडे असतात, त्यांना खुणा लावता येतात आणि एक तुकडा दुसऱ्याच्या पोटात जसाच्या तसा दाखवता येतो. मोहफूल वेचण्याचा नियम एकदाच लिहावा आणि तो ‘मोह’, ‘उन्हाळी कामे’ आणि ‘ठराव’ या तिन्ही ठिकाणी दिसावा. नियम बदलला की तिन्हीकडे बदलावा. एकच मजकूर अनेक ठिकाणी दाखवण्याच्या, नेल्सन यांना अभिप्रेत असलेल्या कल्पनेच्या हे बरेच जवळ जाते आणि एवढ्या स्वस्तात ते अन्यत्र क्वचितच मिळते.

अडचण येते ती दुसरा लेखक आल्यावर. दोन जणांनी फाइलच्या दोन प्रतींत वेगवेगळे बदल केले, तर त्या एकत्र करणे किचकट आहे आणि एकाच नावाचा तुकडा दुसऱ्यावर लिहिला जाण्याचा धोका राहतो. फोटो फाइलच्या आतच भरले तर त्यांचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो आणि साध्या फोनवर फाइल उघडायला जड जाते, म्हणून फोटो बाहेरच्या फोल्डरात ठेवणे इष्ट. फोनवर जतन करण्यासाठीही वेगळे ॲप लागते. जेथे लिहिणारी व्यक्ती एकच आहे आणि वाचणारे अनेक आहेत, अशा एका गावासाठी किंवा शाळेसाठी मात्र मी टिडलीविकीच सुचवीन.

ऑब्सिडियन या टिपणे ठेवण्याच्या प्रणालीविषयी थोडक्यात सांगता येईल. साध्या मजकुराच्या फाइली, उलट दुव्यांची उत्तम मांडणी, नाव बदलले की सर्व दुवे आपोआप सुधारणे हे तिचे गुण आहेत, आणि अभ्यासगटातील एखाद्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक टिपणांसाठी ती फार चांगली आहे. पण ती एकट्याच्या कामासाठी घडलेली आहे, तिचा मूळ कोड खुला नाही आणि अनेक उपकरणांत मेळ ठेवण्याची त्यांची स्वतःची सेवा सशुल्क आहे. सामूहिक दप्तरासाठी ती योग्य ठरत नाही.

ज्या महासंघात पाच-दहा गावांचे सचिव लिहिणार आहेत आणि काही माहिती राखून ठेवायची आहे, त्याने डोकुविकी घ्यावी. मीडियाविकी घेण्याचे कारण तेव्हाच आहे, जेव्हा लिहिणारे बरेच आहेत, सारे ज्ञान खुले ठेवायचे असा ग्रामसभांचा स्पष्ट ठराव झालेला आहे आणि एखादे महाविद्यालय किंवा संस्था तिची देखभाल पत्करते आहे.

साधन कोणतेही घेतले तरी मराठी टंकलेखनाकडे सुरुवातीलाच लक्ष द्यावे. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ पासून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांपासून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. एका सचिवाने पहिल्या पद्धतीने पान तयार केले आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने दुवा दिला, तर दुवा रिकाम्या पानावर जातो आणि शोधात निम्म्या नोंदी दिसत नाहीत. सर्वांनी एकच कळफलक वापरावा आणि शीर्षकात ‘शेतकरी हक्क’ असे मूळ रूप ठेवावे, म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत टंकलेले ठराव आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत; तसे न केल्यास ते कोणत्याही विकीत निरर्थक अक्षरांच्या रांगा म्हणून उमटतील.

पूर्ण दप्तर चढवण्याआधी एकाच तलावाशी संबंधित सारे कागद निवडलेल्या साधनात टाकून पाहावेत, मुद्दाम एका पानाचे नाव बदलावे, वायफाय चालू ठेवून इंटरनेट बंद करावे आणि ज्या सचिवाने ते बसवलेले नाही त्याला मासेमारीचा ठराव शोधायला सांगावे. तो सापडला, तर उरलेल्या फाइली चढवायला हरकत नाही.