टाकी कुठे फुल्ल करायची: पुण्यात, निपाणीला की गोव्यात?

पुण्याहून सावंतवाडीला आमचं वर्षातून चार-पाच वेळा जाणं होतं. गणपती, शिमगा, मे महिना, शिवाय मध्येच काही कार्य निघालं तर तेही. निघायच्या आदल्या रात्री घरात एक विषय ठरलेला: पेट्रोल इथेच फुल्ल करायचं की जेवढ्यास तेवढं भरून निघायचं? सासरे सांगतात, "निपाणीला भरा, कर्नाटकात स्वस्त." मेहुण्याचं मत गोव्यात भरावं. शेजारचे काका म्हणतात, पहाटे भरा, थंड पेट्रोल लिटरला जास्त बसतं. तिघेही आपुलकीने सांगतात. म्हणून एकदा वही घेऊन बसलो आणि कोणाचा सल्ला किती रुपयांचा आहे, ते मांडून पाहिलं.

आधी भाव वेगळा का असतो ते. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्य आपापला कर लावतं. भावातला मोठा फरक तिथून येतो. दुसरा, लहान फरक वाहतुकीचा. परभणीत पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग म्हणून वर्षानुवर्षं बातम्या यायच्या, कारण टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून तीनशेहून जास्त किलोमीटर तोडून यायचे. १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला ठरतो, पण २०२२ नंतर तो महिनोन् महिने जागचा हलला नाही. त्यामुळे "उद्या स्वस्त होईल" म्हणून थांबण्यात काही मिळत नाही. फरक पडतो तो जागेने.

निपाणीचा सल्ला एके काळी शंभर टक्के बरोबर होता. २०२१च्या दिवाळीनंतर कर्नाटकात पेट्रोल लिटरमागे आठ-नऊ रुपयांनी स्वस्त होतं आणि कागल ओलांडून भरायला जाणारे कोल्हापूरकर आम्ही स्वतः पाहिलेत. पण जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोलवरचा कर पाच रुपयांनी आणि डिझेलवरचा तीन रुपयांनी उतरवला. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने आपला कर वाढवला, तेव्हा तिथलं पेट्रोल तीन रुपयांनी चढलं. एप्रिल २०२५ मध्ये डिझेल आणखी दोन रुपयांनी वाढलं. २०२५ मध्ये पुणे-कोल्हापूरला पेट्रोल १०४च्या आसपास होतं, तर निपाणीला १०३च्या. पंचवीस लिटर भरले तर पंचवीस-तीस रुपये वाचतात. डिझेलवाल्यांना तेवढेही नाहीत. चहाला थांबलात आणि पंप समोरच असेल तर जरूर भरा, पण तेवढ्यासाठी पुण्याहून कमी पेट्रोलवर निघू नका.

गोव्याची गोष्ट निराळी आहे. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट (राज्याचा कर) जवळजवळ शून्यावर आणला आणि पेट्रोल एका झटक्यात अकरा रुपयांनी उतरलं. पुढे तिथेही कर चढत गेला, तरी अंतर टिकून आहे. २०२५ मध्ये तिथे पेट्रोल ९६-९७ होतं, म्हणजे आपल्यापेक्षा सात-आठ रुपयांनी कमी. आमच्या गाडीची टाकी ३७ लिटरची. तळाशी पाच लिटर असताना ३२ लिटर भरले तर अडीचशे रुपयांच्या आसपास वाचतात.

पण मुक्काम सावंतवाडीत असेल तर? तिथून बांद्यामार्गे गोव्याच्या हद्दीतली पत्रादेवी गाठायची, भरायचं आणि परत यायचं, म्हणजे जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. आमची गाडी हायवेला अठराचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे सव्वादोन लिटर रस्त्यात गेले. त्याचेच दोनशे पंधरा रुपये. वाचले किती? चाळीसेक रुपये, आणि त्यात तासभर गेला तो वेगळा. हे गणित मांडलं तेव्हा मलाच वाईट वाटलं, कारण तीन वर्षं आम्ही केवळ पेट्रोलसाठी संध्याकाळी बांद्याच्या पलीकडे जात होतो. म्हापशाला किंवा पेडण्याला काही काम असेल त्याच दिवशी परतताना सीमेच्या अलीकडे, गोव्याच्या हद्दीतच टाकी फुल्ल करायची. काम नसेल तर सावंतवाडीतच भरावं.

गोव्यात भरायचं नक्की असेल तर पुण्यातून किती घेऊन निघायचं? आंबोलीमार्गे सावंतवाडी चारशेच्या आत-बाहेर. गोव्याच्या पंपापर्यंत तेवीस लिटर जातात. मी बत्तीस धरतो, म्हणजे पाव टाकी उरते. एका मे महिन्यात मी बरोब्बर मोजून बावीस टाकले होते. कोल्हापूरच्या अलीकडे तासभर कोंडी लागली, एसी चालू, आणि आजरा सोडल्यावर रिझर्व्हचा दिवा लागला. वाटेतल्या एका पंपावर "स्टॉक नाही" अशी पाटी दोरीला लटकत होती. आंबोलीचा घाट एसी बंद करून, काचा उघड्या ठेवून उतरलो. मागे मुलं घामाने भिजलेली, आणि पुढे आम्ही दोघं काट्याकडे बघत गप्प. खाली पोहोचलो, पण ज्या अडीचशे रुपयांसाठी हे केलं, त्यांची किंमत तेव्हा कळली. शिवाय पेट्रोल गाड्यांत इंधनाचा पंप टाकीतच बुडलेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. गाडी वारंवार तळाशी चालवली तर तो लवकर जातो आणि बदलायला हजारोंत खर्च येतो. पाव टाकी राहिली की भरायचं, हा नियम आता मी मोडत नाही.

इतर वाटांचं थोडक्यात. मुंबईहून सुरतेला जाणाऱ्यांनी तलासरीपर्यंत पुरेल एवढंच भरावं. गुजरातची हद्द लागली की पेट्रोल बरंच उतरतं, आणि वळसा अजिबात नाही. सोलापूरहून हैदराबादला जाताना उलटं: तेलंगणात महाग आहे, म्हणून उमरग्यानंतर मध्ये कर्नाटकाचा पट्टा लागतो, तिथे हुमनाबादला टाकी भरून पुढे जावं. नागपूरकरांनी आदिलाबादकडे किंवा सिवनीकडे जाताना, तिकडेही महाग म्हणून, हद्दीच्या अलीकडेच भरलेलं बरं.

आता गावातल्या गावात. इथे मात्र रोज फसायला होतं. घरापासून चार किलोमीटरवरचा पंप ८० पैशांनी स्वस्त असेल, तर पंचवीस लिटरला वीस रुपये वाचतात. शहरात पंधराचं अ‍ॅव्हरेज धरलं, तर मुद्दाम जाऊन-येऊन आठ किलोमीटरला पंचावन्न रुपये जातात. ऑफिसच्या वाटेवरचाच असेल तर ठीक. पहाटेच्या थंड पेट्रोलचंही असंच. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं हे खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही. दोन अंशांचा फरक धरला तरी तीस लिटरमागे सहा रुपये होतात. काकांना हे सांगितलं, त्यांना पटलेलं नाही.

प्रीमियम म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पेट्रोलला लिटरमागे काही रुपये जास्त पडतात. गाडीच्या पुस्तिकेत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मागितलेलं नसेल तर ते पैसे वाया जातात. पंपावरचा मुलगा "तेच टाकू ना?" म्हणत नोझल उचलतो, तेव्हा आधीच "साधं" म्हणून सांगावं.

माझ्या मते स्वस्त पंपापेक्षा खऱ्या मापाचा पंप जास्त पैसे वाचवतो. एका पंपावर मी हजारचं सांगितलं. मुलाने दोनशेवर थांबवलं, "दोनशे ऐकलं साहेब" म्हणाला आणि पुढे आठशेचं भरायला घेतलं. त्याच वेळी दुसरा काच पुसत कार्डाचं विचारायला आला. माझं लक्ष तिकडे गेलं आणि काटा शून्यावर आलाच नव्हता. हजार रुपये दिले, पेट्रोल आलं आठशेचंच. तेव्हापासून मी गाडीतून उतरतो, शून्य बघतो आणि नोझल बाहेर येईपर्यंत कोणाशी बोलत नाही. शंका आली तर पाच लिटरचं माप मागता येतं. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त कमी भरलं तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. मी एकदाच माप मागितलं. मॅनेजरने कुरकुर न करता भरून दाखवलं आणि माप बरोबर निघालं. गेली सहा वर्षं पुण्यात मी त्याच पंपावर भरतो, तो आमच्या गल्लीतल्यापेक्षा लिटरमागे वीस पैशांनी महाग असला तरी.

ऑटो कट झाल्यावर "राउंड फिगर करू का?" म्हणून विचारतात, तिथे नाही म्हणावं. वर पेट्रोल फुगायला जागा हवी असते, आणि नव्या गाड्यांत टाकीतली वाफ शोषणारा डबा असतो, त्यात पेट्रोल शिरलं की तो खराब होतो. गोव्याहून कॅनमध्ये भरून आणायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर मुलं बसलेल्या गाडीत तो करूच नका.