आराखड्यावर हरकत द्यायची तर पुरावा कुठला: उतारा, चुलींची मोजणी की शिवारफेरी?

"नकाशात आपलं शिवार पिवळं दाखवलंय" ही बातमी गावात पोचली की आधी देवळात बैठका होतात, मग निवेदनाचा मजकूर ठरतो, आणि मुदत संपत आली की शे-दोनशे सह्यांचा एक कागद कार्यालयात जाऊन पडतो. हा नकाशा कुठली जमीन कशाला वापरायची हे ठरवणाऱ्या मास्टर प्लॅनचा; त्यात पिवळं म्हणजे निवासी, हिरवं म्हणजे शेती. आमच्या गावानं मागे असंच केलं. निवेदनातला शब्दन्‌ शब्द खरा होता: जमीन कसदार आहे, आज्या-पणज्यांपासूनची आहे, गेली तर पोट जाईल. पण कुठला सर्व्हे नंबर, त्यात काय पिकतं, गावाला येत्या वर्षांत घरं किती लागतील, यातलं काहीच त्यात नव्हतं. "यातली नेमकी कुठली जमीन म्हणता?" एवढ्या एका प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते मला आजही लागून राहिलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

कायदा थोडक्यात सांगतो. कर्नाटकाच्या १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याप्रमाणे मास्टर प्लॅनचा मसुदा प्रसिद्ध झाला की लोकांना म्हणणं मांडायला ६० दिवस मिळतात. म्हणणं लेखी हवं. नियोजन प्राधिकरणानं, म्हणजे बेळगावपुरतं बोलायचं तर बुडानं (बेळगाव नगरविकास प्राधिकरणानं), त्याचा विचार करून आपल्या शिफारशींसह आराखडा सरकारकडे परत पाठवायचा असतो. म्हणजे मोर्चात कितीही ओरडलो तरी फायलीत जातो तो कागदच. या ६० दिवसांत गावानं आपली माणसं आणि वेळ कशावर खर्च करावा, हा खरा प्रश्न आहे. वाटा तीन आहेत. तिन्ही मी जवळून बघितल्या आहेत आणि तिन्हींचं काम एकच नाही.

उतारा आणि सरकारी कागद

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर होणारी वाट. २००० सालापासून भूमी योजनेत उतारे संगणकावर आले, त्यामुळे तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही. उताऱ्यात तीन रकाने नीट वाचा. तिसऱ्यात क्षेत्र आणि खराबा असतो, नवव्यात मालक, बाराव्यात कसणारा आणि पीक.

खराब्याकडे कुणी बघत नाही, आणि मोठी चूक तिथंच होते. 'अ' खराबा म्हणजे मालकाच्याच नावावरची, पण पिकाला नालायक जागा. 'ब' खराबा म्हणजे नाला, रस्ता, पाणंद असल्या सार्वजनिक कामाची जागा. ज्या पट्ट्यावर लेआऊट पडणार त्यातून नाला जातो असं तोंडी सांगून भागत नाही, पण उताऱ्यात 'ब' खराबा लागलेला असेल तर तो सरकारचाच शब्द झाला. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी पिकात शिरतं हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. ते कागदावर कुठं कुठं उमटलं आहे, हे शोधायला दोन शहाणी पोरं आणि एक दुपार पुरते.

पिकाचा रकाना मात्र जपून वापरा. आपण 'तिबार पिकाऊ', म्हणजे वर्षाला तीन पिकं देणारी, म्हणतो आणि बऱ्याच उताऱ्यांत एकाच हंगामाचं भात चढलेलं असतं. भातामागून घेतलेली मसूर किंवा भाजीपाला नोंदवलाच गेलेला नसतो. असला अर्धा उतारा जोडला तर तो आपल्याच विरोधात जातो. आधी तीन वर्षांचे उतारे काढा, कुठं नोंद राहिली ते बघा. पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये शेतकऱ्याला स्वतः फोटोसह पीक चढवता येतं. हे काम आराखडा येण्याची वाट न बघता दर हंगामाला करायला हवं.

जनगणनेचे आकडेही याच वाटेवर येतात. २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावाची लोकसंख्या, कुटुंबं, जमिनीचा वापर आणि सोयीसुविधा दिलेल्या आहेत. त्या वेळी जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार होती. अडचण एवढीच की २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढची १ मार्च २०२७ हा दिवस धरून ठरली. तिचे गाववार आकडे हाती येईपर्यंत आराखडा करणाराही २०११ वरूनच अंदाज बांधणार. हिंडलगा, कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी ही गावं २०११ साली कशी होती आणि आज कशी आहेत, हे तिथून एकदा चक्कर मारली तरी कळतं. म्हणून जनगणनेचा आकडा पाया म्हणून घ्या, शेवटचा शब्द म्हणून नको.

चुलींची मोजणी

मेहनत सगळ्यात जास्त इथं आहे, आणि आमच्याकडची गावं याच वाटेनं सगळ्यात कमी जातात.

घरांचा प्रश्न निघाला की आपण घरं मोजतो. मोजायला हव्यात चुली. जनगणनेतसुद्धा कुटुंब म्हणजे एकत्र राहून एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. आमच्या गल्लीत एका छपराखाली तीन भाऊ, तीन गॅस, तीन रेशनकार्डं आणि पंचायतीच्या दप्तरात घर एकच. पंचायतीच्या ई-स्वत्तूच्या नोंदीत, नमुना ९ आणि ११ मध्ये, मालमत्ता दिसते. तिच्यात किती संसार दाटीवाटीनं राहतात ते दिसत नाही. गावातल्याच लोकांना किती घरं लागणार, हे या तीन चुलींवरूनच कळतं.

प्रश्न मोजकेच ठेवा. घरात चुली किती? खोल्या किती? येत्या पाच वर्षांत वेगळं राहायला लागणारी जोडपी किती? भाडेकरू आहेत का, आणि ते कुठं कामाला जातात? घराबाहेर गावात मोकळा प्लॉट आहे का? एवढं पुरे. जात, उत्पन्न, कर्ज विचारायला गेलात की माणसं दार लोटून घेतात, आणि या कामाला त्याची गरजही नाही. नावं वहीत राहू द्या, हरकतीला जोडायची ती फक्त गल्लीवार बेरीज.

हे काम स्त्रीशक्ती संघाच्या बायकांकडे द्या, हे मी आग्रहानं सांगतो. तरुण पोरं वही घेऊन दारात गेली की घरातले पुरुष राजकारण बोलतात. तेच शेजारची वहिनी गेली तर सासू स्वतः सांगते की धाकट्याचं लग्न जागेवाचून दोन वर्षं अडलंय. अंगणवाडी सेविकेकडे कुटुंबांची नोंदवही असते. नुसत्या बेरजेपुरती तिच्याशी ताडून बघितली तर चुकलेल्या गल्ल्या सापडतात.

वेळेचा हिशेब असा. गाव आठशे घरांचं असेल आणि दहा जोड्यांनी रोज संध्याकाळी दहा-दहा घरं केली, तरी आठ दिवसांत संपूर्ण गाव होतं. तिथं नमुना काढत बसू नका, सगळी घरं करा. गाव शहराला चिकटलेलं आणि पाच-सात हजार घरांचं असेल तर सगळ्या गल्ल्यांत विखरून ठराविक अंतरानं एक घर घेत चारशे घरं करा. उत्तर साधारण पाच टक्क्यांच्या फरकानं बरोबर येतं. हे अंतर सुरुवातीलाच ठरवा आणि पाळा. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर उचललं की नोकरदार घरं गळतात आणि आकडा वाकडा होतो. कुलूप असेल तर रविवारी परत जा.

आता ज्या मोजणीनं माझं मत बदललं ती सांगतो. चुलींबरोबर रिकामे प्लॉटही मोजा. गावाच्या कडेला मंजूर झालेले लेआऊट असतात. डांबरी रस्ता, विजेचे खांब, आत गवत. मंजूर लेआऊटचा नकाशा माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणून हा अर्ज पहिल्याच दिवशी टाका. नकाशा हातात धरून प्लॉट मोजा: किती बांधलेले, किती रिकामे. मग दोन आकडे शेजारी ठेवा. गावाला लागणारी घरं आणि पडून असलेले प्लॉट. पडून असलेले जास्त निघाले तर हिरव्याचं पिवळं कशासाठी, हा प्रश्न आपण न विचारता कागदच विचारतो. कमी निघाले तर तेही मान्य करा आणि सांगा की गावठाणाला लागून ही एवढी जागा घ्या, नाल्याकाठची नको. मला हे दुसरं उत्तर तितकंच मोलाचं वाटतं. कारण आपल्याच पोरांना घर नाही म्हणून ती एनए (बिगरशेती) नसलेला गुंठा-दोन गुंठे घेतात, पंचायतीत नोंद ११ 'ब' मध्ये, म्हणजे मंजुरी नसलेल्या मालमत्तांच्या नमुन्यात, अडकते, बँक कर्ज देत नाही, आणि आयुष्यभराची कमाई कच्च्या कागदावर उभी राहते. शेती वाचवणं आणि घरं मागणं ही दोन भांडणं आहेत असं समजून गावं आपसात फुटलेली मी बघितली आहेत.

शिवारफेरी आणि आकाशातला फोटो

उपग्रहाचे फोटो आता फुकट मिळतात. गूगल अर्थवर मागच्या वर्षांचे फोटो पालटून बघता येतात. सेंटिनेल-२ या उपग्रहाचे २०१५ पासूनचे फोटो आहेत, त्यातला एक ठिपका दहा मीटरचा. शहर कुठल्या बाजूला किती पसरलं ते दाखवायला यापेक्षा चांगलं साधन नाही.

पण महिना बघा. मसूर काढून झाल्यावर एप्रिल-मेमध्ये आपलं शिवार वरून उघडंबोडकं, पडीक दिसतं. जून ते ऑगस्ट ढग. त्यामुळे उभ्या भाताचा सप्टेंबर-ऑक्टोबरमधला एक आणि रब्बीचा डिसेंबर-जानेवारीतला एक, असे दोन फोटो शेजारी लावा. कुणी आपल्या जमिनीला पडीक म्हणायला उन्हाळ्यातला फोटो पुढे केला, तर उत्तर तयार असेल.

आकाशातून बांध दिसतो, त्याचा नंबर दिसत नाही. त्यासाठी पायी जायला हवं. भूमापन खात्याच्या संकेतस्थळावरून गावनकाशा विनामूल्य उतरवता येतो. फोनवर दिशांक अ‍ॅप लावून शेतात उभं राहिलं की सर्व्हे नंबर कळतो. हद्दीच्या वादाला ते चालणार नाही, काही मीटर इकडंतिकडं होतंच, पण कुठल्या नंबरात विहीर आहे, कुठल्या नंबरात पाणी साचतं, हे टिपायला पुरेसं आहे. प्रत्येक फोटोखाली सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि तारीख लिहा. बरोबर गावातला एक म्हातारा माणूस घ्या, कारण जुना ओढा कुठून वाहायचा हे नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

निपाणी-चिकोडी भागात, दूधगंगा-वेदगंगेच्या काठी, मी सगळ्यात आधी हीच वाट धरेन. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या खुणा भिंतींवर आणि माणसांच्या आठवणीत आहेत. त्या नकाशावर उतरवा, प्रत्येक खुणेला दोन साक्षीदार घ्या. रंग पुसले जातात, घरं नव्यानं बांधली जातात, म्हणून हे टाळू नका. खानापूरकडे मुद्दा वेगळा पडतो. तिथं जंगल आणि पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतात. तिथल्या हरकती केंद्राकडे जातात, पण गावठाण कुठवर, शेती कुठवर आणि जंगल कुठून, हे पायी फिरून दाखवण्याची पद्धत तीच.

मग तुम्ही काय निवडावं

मुदतीला दहा-पंधरा दिवसच उरले असतील तर घरोघरी जायला निघू नका. अर्धी मोजणी समोरच्याला खोडता येते. उतारे, 'ब' खराबा, दोन हंगामांचे फोटो आणि सर्व्हे नंबरांची यादी एवढंच नीट करा.

पूर्ण दोन महिने असतील आणि प्रश्न शेतीवर येणाऱ्या पिवळ्या रंगाचा असेल, तर चुली आणि रिकामे प्लॉट आधी मोजा, उतारे मागून जोडा. बहुतेक गावं नेमकं उलटं करतात. उतारा सांगतो की जमीन चांगली आहे, आणि त्याला "शहर वाढतंय, घरं लागणारच" हे उत्तर आधीच तयार असतं. त्या उत्तराला फक्त चुलींचा हिशेब अडवू शकतो. हलगा-मच्छे बायपाससारखा रस्त्याचा प्रश्न असेल तर मात्र घरांचा आकडा फारसा कामाचा नाही. तिथं पीक, पाणी आणि कुठल्या शेताची वाट तुटते हेच दाखवावं लागतं.

भाषेचंही सांगतो. उतारा, गावनकाशा, नोटीस सगळं कन्नडमध्ये येतं. अल्पभाषिक १५ ते २० टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्रानं १९५६ साली ठरवलेलं आहे. मराठीतून मसुदा मागणं हा आपला हक्क आहे आणि तो मागत राहायलाच हवा. पण ६० दिवस त्या उत्तराची वाट बघत घालवू नका. हरकत मराठीत लिहा आणि तिची कन्नड प्रत जोडा. गावात कन्नड शाळेत शिकलेली पोरं-पोरी आहेत, शेजारी कन्नड बोलणारे शेतकरी आहेत, त्यांचीही जमीन याच पिवळ्यात आहे. याद्या जुळवताना नावावर विसंबू नका. कन्नडमधून परत मराठीत येताना आडनावं बदलतात, सर्व्हे आणि हिस्सा नंबर बदलत नाहीत.

प्रत्येक शेतकऱ्याची हरकत वेगळी द्या, गावाची एकत्र वेगळी. प्रती दोन करा, दुसरीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. मोजणीच्या वह्या पंचायतीत न ठेवता गावातल्या वाचनालयाच्या कपाटात ठेवा आणि किल्ली दोघांकडे द्या.