शाळेनंतरचे चार तास: ब्युरोच्या मावशी की कॉलेजातली ताई?

व्हीलचेअर वापरणाऱ्या, नववी-दहावीतल्या मुलीसाठी नाशिकमध्ये अर्धवेळ मदतनीस शोधायला निघालं की बहुतेक दोन पर्याय समोर येतात: मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणाऱ्या मावशी किंवा दुपारी कॉलेजातून मोकळी होणारी एखादी मुलगी. पगाराचं नंतर बघा. आधी मुलीचं कुठे अडतं ते बघा, बाथरूमपाशी की वहीपाशी?

उचलणं, कपडे बदलणं, पलंगावर घेणं हे मुख्य काम असेल तर मावशीच बऱ्या. खुर्चीचे ब्रेक लावायचे, फूटरेस्ट बाजूला करायचे, दंडाला धरून ओढायचं नाही, हे त्यांच्या हाताला बसलेलं असतं. त्या रजेवर गेल्या तर ब्युरो बदली बाई पाठवतो. पण पंधरा वर्षांच्या मुलीला दर वेळी अनोळखी बाईपुढे कपडे काढावे लागणं फार जड जातं. चारच तासांसाठी कोणी येईल का आणि बदली कोण येणार, हे डिपॉझिट भरण्याआधी विचारून घ्या.

अभ्यास, क्लास, मैत्रिणींकडे जाणं यासाठी मात्र मी ताईच निवडेन. नर्सिंग, फिजिओथेरपी, समाजकार्य शिकणाऱ्या मुलींना आधी विचारा. चांगली ताई कशी ओळखायची? कॉलेज रोडवर दुकानदार मुलीऐवजी ताईकडे बघून "हिला काय हवंय?" म्हणाला, की ताई "तिलाच विचारा ना" म्हणते आणि गप्प उभी राहते. हे शिकवून येणं कठीण. अडचण सुट्ट्यांची: सुरगाणा-कळवणकडची मुलगी असेल तर दिवाळीत गावी जाणार, आणि तिच्या परीक्षेच्या दिवसांत तुम्हालाच रजा काढावी लागणार.

दहावीला लेखनिक लागणार असेल तर तो शिक्षणाने खालच्या वर्गातला असावा लागतो. त्यामुळे ताईवर विसंबू नका, शाळेत वेळेत अर्ज करा. शाळा महापालिकेची किंवा अनुदानित असेल तर समग्र शिक्षा योजनेतल्या मदतनीस भत्त्याबद्दलही मुख्याध्यापकांना विचारा. त्या पैशात पगार भागणार नाही, पण हा भत्ता मुलीच्या हक्काचा आहे.

दोन्ही कामं असतील तर सकाळी मावशी, संध्याकाळी ताई अशी विभागणी करा. ठरवण्याआधी आठवडाभर पगार देऊन काम करवून बघा, आणि त्या आठवड्यानंतर होकार-नकार मुलीला देऊ द्या.