₹38,929 ला घेतलेलं 'कार्बन फायबर' किट: माल काचेचा निघाला

घरच्या घरी कार्बन फायबरचे पार्ट बनवायला हे किट घेतलं. आधी हिशेब. ऑनलाइन कोर्स 6,999. 'थ्री-के ट्विल कार्बन' (पट्ट्यात तीन हजार तंतू, तिरकी वीण) कापड 10 मीटर, 14,500. 'इपॉक्सी', म्हणजे कापडात मुरवून घट्ट करायचं रेझिन, 5 किलोचा सेट 5,250. व्हॅक्यूम पंप 8,200. बॅगिंगचं सामान (पार्टवर हवाबंद पिशवी लावायचं) 2,800. वर भाडं 1,180. एकूण ₹38,929, सगळे यूपीआयने, सगळे आगाऊ. यातला खरा निघाला तो फक्त पंप, आणि तोही एसी मेकॅनिक वापरतात तोच, वरचं स्टिकर बदललेला.

असले विक्रेते कसे गळाला लावतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. माल कसा ओळखायचा ते लिहितो, कारण ते कोणी धड सांगत नाही.

कापड म्हणजे काळं रंगवलेलं ग्लासफायबर. वीण तीच, तिरकी रेघ तीच, चमकही जवळपास तीच. 'डोळ्यांना दिसलं नाही का?' असं विचारणाऱ्यांनी दोन्ही तुकडे ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवून बघावेत आणि मग बोलावं. ओळखायचं तर मल्टीमीटर घ्या. कार्बन वीज वाहून नेतो. कडेच्या धाग्यांचा एक छोटा पट्टा सोडवा, दोन्ही टोकांना प्रोब घट्ट दाबा, बीप वाजली पाहिजे. काच गप्प बसते. उभा आणि आडवा, दोन्ही धागे तपासा, कारण एका दिशेला कार्बन आणि दुसरीकडे रंगवलेलं पॉलिस्टर घालूनही कापड विकतात. मग तोच धागा लायटरवर धरा: कार्बन लाल होतो, बाहेर काढला की पुन्हा काळाच. काचेचा रंग जळून धागा पांढरा पडतो. पॉलिस्टर वितळून त्याची गोळी होते. वजनही करा. 200 जीएसएमच्या (चौरस मीटरला 200 ग्रॅम) कापडाचा 10 बाय 10 सेंटीमीटरचा तुकडा 2 ग्रॅम भरला पाहिजे. या कापडाचा 2.9 भरला.

आता जे आठवलं की अजून डोकं तापतं ते. पैसे भरण्याआधी प्रोफॉर्मा बिल आलं होतं. वर्णनात 'कार्बन फायबर फॅब्रिक', आणि शेजारच्या रकान्यात एचएसएन, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा जीएसटीचा कोड, 7019. 7019 म्हणजे काचेचे धागे आणि त्यांच्या वस्तू! कार्बन फायबरचं कापड 6815 मध्ये येतं. म्हणजे त्या माणसाने कॉम्प्युटरला खरं सांगितलं आणि गिऱ्हाइकाला खोटं. ते चार आकडे पैसे जायच्या आधी समोर होते. पण जीएसटीच्या बिलावर रक्कम सोडून आणखी काय बघतो हो कोणी? किराण्याच्या बिलावर कधी बघितलंय? जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला होता, तो चालू होता, नाव जुळत होतं. शहाणा माणूस यापेक्षा जास्त काय करणार!

रेझिनची गंमत वेगळी. खऱ्या इपॉक्सीला हार्डनर (घट्ट करणारा दुसरा भाग) भरपूर लागतो. जातीनुसार 100 भाग रेझिनला वजनाने 10 पासून 30-40 भागांपर्यंत, आणि तोही मोजूनच. या सेटमध्ये 5 किलोच्या कॅनसोबत 100 मिलीची इवलीशी बाटली होती. साधारण दोन टक्के, म्हणजे बाटलीत एमईकेपी (पॉलिस्टर रेझिन घट्ट करणारं रसायन), म्हणजे कॅनमध्ये साधं पॉलिस्टर रेझिन. बंपर दुरुस्तीच्या गॅरेजात येतो तो स्टायरीनचा (पॉलिस्टर रेझिन पातळ ठेवणाऱ्या द्रवाचा) उग्र वास आणि रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात त्या कोबाल्टमुळे आलेली फिकट गुलाबी झाक, दोन्ही होतं. खात्रीसाठी थर्माकोलवर एक थेंब टाका. पॉलिस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल खातं, इपॉक्सी खात नाही. थर्माकोल कोरून साचा करणाऱ्यांचं काय होतं ते यावरून समजा.

हे पॉलिस्टर पूर्ण व्हॅक्यूमखाली इन्फ्यूजनला (व्हॅक्यूमने रेझिन कापडात ओढून घ्यायला) वापरलं की स्टायरीन उकळून बाहेर पडतं आणि पार्टभर टाचणीएवढी भोकं पडतात. घट्ट होताना आकसतं, त्यामुळे पृष्ठभागावर विणीचा ठसा उमटतो. आणि कोर्समधले 'गुरुजी' याला 'तुमचा व्हॅक्यूम कमी पडला' म्हणतात.

त्याच कोर्समध्ये गळती तपासणं नाही. बॅग बंद करून पंपाची नळी क्लॅम्प करायची, 10-15 मिनिटं व्हॅक्यूम गेजचा काटा हलता कामा नये, मगच रेझिन सोडायचं. पंपाआधी कॅचपॉट (जादा रेझिन अडवणारं भांडं) हवा, नाहीतर रेझिन पंपात जाऊन पंप कायमचा बसतो. तोही किटमध्ये नव्हता. पुण्यात काटा 28 इंचाच्या आसपास थांबला तर घाबरू नका, ती उंचीमुळे कमी असलेली हवा आहे. पोस्ट-क्युअरचं, म्हणजे घट्ट झालेला पार्ट नंतर तापवण्याचं, तर नावच नाही. नुसतं खोलीत सुकवलेलं इपॉक्सी एप्रिलच्या उन्हात काळ्या गाडीवर मऊ पडतं. रेझिनच्या डेटाशीटप्रमाणे 40, 60, 80 अंश असं हळूहळू चढवून तापवावं लागतं.

तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." मल्टीमीटर लावून दाखवला तर साहेब म्हणाले, "कापड काळंच आहे की." लॅबचा दाखला आणा म्हणाले. लॅब कुठली, खर्च कोणाचा, ते नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवून पैसे काढण्याबद्दलच आहे, त्यात 'माल दिला की सुटका' कुठे लिहिलंय? सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बँकेचंही तेच पाठ केलेलं उत्तर. एका हेल्पलाइनवरची तक्रार विक्रेत्याने 'माल वर्णनाप्रमाणे' एवढं लिहिताच 'निकाली'. निकाली! 14,500 ची काच घरात पडली आहे आणि यांचा कागद निकाली. प्रत्येक टेबलवाला पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो, आणि तो विक्रेता तेच किट अजून विकतोय.

उरला जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं, वकील सक्तीचा नाही. तिथे कामी येतं ते बिल, त्यावरचा 7019, आणि खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ. कापड संपवू नका, निदान एक मीटर न कापता ठेवा.

पहिल्यांदा घेताना एकच मीटर मागवा. 'एक मीटर देत नाही' म्हणाला तर फोन ठेवा. कोर्स आणि माल एकाच माणसाकडून घेऊ नका. एचएसएन विचारा.

आणि ती 100 मिलीची एमईकेपीची बाटली घरात असेल तर उन्हात किंवा धातूच्या डब्यात ठेवू नका, आणि कोबाल्टच्या बाटलीशी थेट कधीच मिसळू नका. स्फोट होतो. किटसोबत आलेल्या कागदावर याचा एक शब्द नव्हता.