सिझेरियननंतरच्या होमिओपॅथी गोळ्या: एका निवृत्त सिस्टरचा अभिप्राय

दादर पश्चिमेच्या एका होमिओपॅथी दुकानातून माझ्या लेकीने सिझेरियनच्या आधीच तीन बाटल्या आणून ठेवल्या होत्या: आर्निका 30, स्टॅफिसॅग्रिया 30 आणि बेलिस पेरेनिस 30. वर कॅलेंड्युलाचं मदर टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलातला मूळ अर्क. टाके लवकर सुकतात, असं ऑफिसातल्या मैत्रिणीने तिला सांगितलं होतं. मी निवृत्त होईपर्यंत महापालिकेच्या रुग्णालयात प्रसूती वॉर्डात सिस्टर होते. सिझेरियनचे टाके रोज बघण्यात माझी उमर गेली, म्हणून हे लिहिते आहे.

आधी चांगलं ते. गोळ्या बारीक आणि गोड आहेत, रात्री बाळाला पाजताना घ्यायलाही सोप्या. तीसच्या पोटेन्सीने अंगावर पाजणाऱ्या आईला अपाय होईल असं काही नाही. दुकानाच्या वरच बसणाऱ्या होमिओपॅथ डॉक्टरबाईंनी तर तिला निवांत बसवून विचारलं, झोप लागते का, रडू येतं का, पोट कापावं लागलं याचा मनात राग आहे का. नर्सिंग होमच्या राउंडला हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्या वॉर्डातही इतक्या बाळंतिणी असायच्या की आम्हाला विचारायला सवड नसायची. त्या बोलण्याने लेक मोकळी झाली. त्या फीचे पैसे मला मुळीच जड वाटले नाहीत.

गोळ्यांचं मात्र तसं नाही. तीसची पोटेन्सी म्हणजे मूळ अर्काचा एक भाग नव्याण्णव भाग पाण्यात किंवा अल्कोहोलात मिसळायचा, त्यातला एक भाग पुन्हा नव्याण्णव भागांत, असं तीस वेळा. बाराव्या वेळेच्या पुढे मूळ वनस्पतीचा एखादा रेणूसुद्धा उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. उरते ती साखर. इंग्लंडमध्ये हाताच्या शस्त्रक्रियेनंतर 64 रुग्णांना आर्निका किंवा औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या देऊन पाहिलं होतं. 2003 साली तो अभ्यास छापून आला. दुखणं, सूज, काळंनिळं पडणं, कशातच म्हणण्यासारखा फरक नव्हता. बाळंतिणींना आर्निका आणि बेलिस देऊन केलेला जेरुसलेमचा 2005 चा अभ्यास उत्साहाने सांगितला जातो. त्यात बायका 40 होत्या, प्रश्न रक्तस्रावाचा होता, टाक्यांचा नव्हता, आणि करणाऱ्यांनीच निष्कर्षांना प्राथमिक म्हटलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये तोवरच्या अभ्यासांचे आढावे तपासले. होमिओपॅथी नक्की उपयोगी पडते असा भरवशाचा पुरावा त्यांना एकाही आजारात सापडला नाही.

मग इतक्या बायका गुण आला असं का म्हणतात? कारण गुण येतोच. धडधाकट बाईची वरची कातडी आठवडा-दहा दिवसांत मिळून येते, आतले थर आणि गर्भाशय सावरायला साधारण सहा आठवडे लागतात. गोळ्या घेतल्या तरी, न घेतल्या तरी. त्या काळात जे घ्याल त्याला श्रेय मिळतं.

घरात खरी पंचाईत झाली ती पथ्याची. कच्चा कांदा, लसूण, कॉफी आणि उग्र वासाचं काही नको, असं सांगून पाठवलं होतं. बाळंतिणीच्या घरात लसणाची चटणी, ओवा, बाळंतशेपा आणि ओव्याची धुरी नाही, असं होतं का? माझ्या विहीणबाई दोन दिवस गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘ताई, हिचं जेवण सुरू ठेवूया.’ मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, लसूण घातलेली शेपूची भाजी, सगळं परत सुरू झालं.

त्याहून गंभीर गोष्ट मला घरी आल्यावर कळली. आर्निका चालू आहे म्हणून लेकीने पॅरासिटामॉल सोडून दिलं होतं. दुखण्यामुळे कुशीवर वळता येईना, बाळाला नीट छातीशी धरता येईना, चालणं तर बंदच. सिझेरियननंतर चालायलाच हवं, पडून राहिलं की पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेवर ते परत सुरू केलं, लोहाच्या गोळ्या चालू ठेवल्या, आणि ती चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारायला लागली.

दुकानाच्या पत्रकात ‘टाके निम्म्या वेळात’ असं छापलं आहे. माझी हरकत त्याला आहे, कारण ते वाचून एखादी मुलगी टाक्यातून पू येत असताना घरी बसेल. ताप, टाक्यांभोवती वाढत जाणारी लाली, घाण वास, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, एका पोटरीत दुखणं, धाप लागणं, यांतलं काहीही दिसलं तर गोळी बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

पाचातले गुण द्यायचे तर बोलण्याला पाच, गोळ्यांना एक. गोळ्यांवर मनापासून विश्वास असेल तर घ्या, पण बाकी औषधं न सोडता. कॅलेंड्युलाची बाटली मी उघडूच दिली नाही. त्यात अल्कोहोल असतं, ताज्या टाक्यांवर ते झोंबतं, आणि टाके स्वच्छ, कोरडे ठेवणं पुरतं. दुकानदाराने ती कुरकुर न करता परत घेतली. त्या पैशांतून आम्ही सुती पॅडची आणखी दोन पाकिटं घेतली.