कॉम्पॅक्ट एसयूव्हीला टायर कोणता: एचटी की एटी?

पावसाळ्यात कोकणात उतरायचं तर एटी म्हणजे ऑल-टेरेन टायर टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. बहुतेकांसाठी तो चुकीचा आहे. आंबा घाटात बहुतेकांची गाडी चिखलावरून नाही, ओल्या डांबरावरून घसरते. तिथे चांगला एचटी, म्हणजे रोडचाच टायर, कमी अंतरात थांबतो.

फरक नक्षीत आहे. एटीचे ठोकळे मोठे आणि सुटे, मधल्या फटी रुंद. चिखल त्या फटींतून बाहेर फेकला जातो. पण पक्क्या रस्त्यावर टेकणारं रबर कमी पडतं, ब्रेक दाबला की सुटे ठोकळे वाकतात, आणि दगडाने कापू नये म्हणून रबरही बहुधा कडक असतं. साचलेलं पाणी नवा एटी चांगलं कापतो. अंतर वाढतं ते नुसत्या भिजलेल्या, गुळगुळीत रस्त्यावर. टायरवरच्या ‘एम+एस’ खुणेवर विसंबू नका. ती चिखल-बर्फाच्या नक्षीची खूण आहे, ओल्या रस्त्यावरच्या पकडीची नाही.

समृद्धीवर तासन् तास १२०ने चालवणाऱ्यालाही एचटीच बरा. एटी जड असतो, आवाज करतो, ॲव्हरेज खातो. टायर फुटण्यामागे मात्र बऱ्याचदा कमी हवा असते: साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, सतत दुमडते, तापते आणि आतले थर सुटतात. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा; आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. तापलेल्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसली तरी काढू नका.

एटी कुणी घ्यावा? ज्यांचा रोजचा रस्ता मुरमाचा, खडीचा, टोकदार दगडांचा आहे त्यांनी जरूर. अशा वाटेवर साइडवॉलला वार बसतो आणि तिथलं पंक्चर निघत नाही, टायरच बदलावा लागतो. एटी घेताना मजबूत साइडवॉलचाच पाहा, सगळ्या एटींची तशी नसते. मराठवाड्या-विदर्भातल्या ओल्या काळ्या मातीत मात्र एटीकडूनही फार आशा नको. ती माती फटींत गच्च बसते आणि दहा-वीस फुटांत टायर गोटा झाल्यासारखा फिरायला लागतो.

माप बदलताना हिशेब करा. २१५/६० आर१६ म्हणजे रुंदी २१५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १६ इंची; त्याचा व्यास सुमारे ६६४ मिमी. २२५/६० घेतला तर ६७६, म्हणजे पावणेदोन टक्के जास्त. चालतं, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर आत कुठे घासत नाही ना ते पाहा. २३५/६०ला फरक साडेतीन टक्क्यांवर जातो, मीटर तितका वेग कमी दाखवतं. तो टाळा. मापापुढचं ९५एच म्हणजे एका टायरला ६९० किलो भार आणि ताशी २१० किमी वेग. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

बसवण्याआधी साइडवॉलवरच्या डीओटी या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: १२२५ म्हणजे २०२५चा बारावा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल असेल तर दुसरा मागा.

कायद्याची मर्यादा १.६ मिमी नक्षीची असली तरी घाटाचा पावसाळा ३ मिमीच्या खाली काढू नका. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे टाका आणि जुने पुढे, गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह असली तरी. पुढचे घसरले तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी बहुधा सावरता येते. मागचे सुटले तर वळणावर गाडी गरकन फिरते.