आत्याबाईंचा पियानो

पियानो घ्यायला गेले आणि गोष्ट घेऊन आले. दीड वर्ष झालं, राग बराच निवळलाय, म्हणून आता सविस्तर लिहिते. जुना अपराइट, म्हणजे भिंतीला लावून ठेवायचा उभा पियानो घ्यायचा विचार असेल तर हे वाचा. ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी वाचून झाल्यावर आपल्या पियानोचं वरचं झाकण उघडून बघावं, मन घट्ट असेल तरच.

जाहिरातीत लिहिलं होतं: बेखश्टाइन, बर्लिन, 1868, मूळ हस्तिदंती पट्ट्या, तीन मालकांचा लेखी इतिहास. शेवटचे चार शब्द वाचून मी पाघळले. जुन्या वस्तूचं मला वेड आहे, आणि वस्तू कुणाकुणाच्या हातून आली हे कळलं तर वेड दुप्पट होतं. विकणारा ओळखायला चुकला नाही.

पन्नाशीचा गृहस्थ, बोलणं साखरेत घोळलेलं. पियानोपर्यंत न्यायच्या आधी त्याने मला बसवलं आणि निळी फाइल उघडली. हा क्रम तेव्हा खटकला नाही. फाइलमध्ये पहिल्या मालकाची खरेदीची पावती होती, तिच्यावर पियानोचा क्रमांक. मग दुसऱ्या मालकिणीचा, म्हणजे एका संगीत शिक्षिकेचा उल्लेख असलेलं पत्र. तिसरी मालकीण त्याची आत्या. तिने आपल्या हाताने तीन पानं लिहिलेली, पियानो कुठल्या खोलीत असायचा, कोण वाजवायचं, कोणाचं लग्न त्याच्या साक्षीने ठरलं. सोबत एक पिवळट फोटो: पियानो, त्याच्यावर पितळेचे दोन मेणबत्तीचे हात, स्टुलावर परकरातली मुलगी आणि पायाशी एका कानावर पांढरा डाग असलेलं काळं कुत्रं.

“ताई, पैशासाठी विकत नाहीये,” तो म्हणाला. “आत्याच्या पियानोला चांगलं घर मिळावं एवढंच.”

हे वाक्य कुणी उच्चारलं की पाकीट आत ठेवावं असं आता माझं ठाम मत आहे.

कार्ल बेखश्टाइनने 1853 साली बर्लिनमध्ये पियानोचा कारखाना काढला, त्याच वर्षी लाइपझिगला ब्लूटनर आणि न्यूयॉर्कला स्टाइनवे हे पियानो कारखानेही सुरू झाले, हेही त्याने घडाघडा सांगितलं. मी स्वतःला हुशार समजते, म्हणून घरी येऊन हे सगळं पडताळलं. शब्द न् शब्द खरा निघाला. आणि तिथेच माझी विकेट पडली. कंपनीचा इतिहास खरा, म्हणजे पियानोचाही खरा, अशी उडी मी कधी मारली ते मलाच कळलं नाही.

वाजवून त्यानेच दाखवला. मधल्या दोन सप्तकांतली एक संथ चाल. पट्टी सोडली तरी सूर रेंगाळत होता, एकात एक मिसळत होता. “घुमतो कसा बघा! नव्या पियानोत हे मिळत नाही.” मला तर अंगावर काटा आला. पट्टी सोडल्यावर तारेवर फेल्टची गादी बसून सूर बंद व्हायला हवा, तेच तिचं काम. इथल्या गाद्या झिजून दगड झाल्या होत्या, म्हणून सूर घुमत होता. बिघाड होता तो. त्याने मला गुण म्हणून विकला आणि मी मान डोलावली.

पियानो घरी आला. पंधरा दिवसांत असा बेसूर झाला की मुलगी वाजवायची थांबली. प्रवासाने होतं, असं त्याने फोनवर सांगितलं, आणि हे अगदीच खोटं नाही. जागा आणि हवा बदलली की पियानो उतरतो. पण इतका?

मग पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनर बाई आल्या. त्यांनी फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. वरचं झाकण उघडलं, समोरची फळी काढून भिंतीला टेकवली आणि खुंटीवर किल्ली चढवली. तंबोऱ्याची खुंटी सैल झाली की जशी हाताला गिळगिळीत लागते, तशी ती फिरली. पियानोत दोनशेच्या वर तारा असतात, आणि आजच्या पियानोत त्यांचा एकूण ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो. तारा त्या ताणात धरून ठेवायच्या त्या खुंट्यांनी, जाड लाकडी ठोकळ्यात घट्ट रुतून. माझ्या पियानोचा ठोकळा चिरलेला होता. काही खुंट्यांभोवती सँडपेपरच्या पट्ट्या गुंडाळून त्या परत ठोकलेल्या. दोन-तीन आठवडे सूर धरेल एवढीच सोय.

पण तोवर मला वाटत होतं, ठीक आहे, आजारी असेल, बेखश्टाइन तर आहे. बाईंनी विचारलं, “कोणी सांगितलं?” मी पट्ट्यांवरच्या झाकणावरची सोनेरी अक्षरं दाखवली. त्यांनी नखाने कड खरवडली. अक्षरं वार्निशच्या वर बसलेली होती, आत नव्हती. झाकणावरचं नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा, त्या म्हणाल्या. पूर्वी दुकानदारही कारखान्यातून पियानो घेऊन त्यावर आपलं नाव घालून विकायचे, राजरोस.

मग मी फुशारकीने क्रमांक दाखवला. लोखंडी चौकटीवर पितळेची छोटी पट्टी, पावतीवरचाच आकडा. बाईंनी वाजवायच्या पट्ट्यांतली डावीकडची अगदी पहिली पट्टी उचलून बाहेर काढली. कारखान्यात एका पियानोचे सुटे भाग दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून तोच आकडा बऱ्याचदा आतल्या लाकडावरही ठोकलेला असतो. पट्ट्यांच्या चौकटीवर एक आकडा होता, खालच्या फळीच्या आतही तोच. पितळेच्या पट्टीशी त्याचा काही संबंध नव्हता. तिचे स्क्रू मात्र लख्ख नवे. आणि लोखंडी चौकटीवर जिथे मूळ नाव ओतलेलं असावं तिथे घासून वर सोनेरी रंग दिलेला. टॉर्च तिरकी धरली की खळगा दिसत होता.

पियानो भिंतीपासून ओढला तेव्हा मागच्या आडव्या लाकडावर पुसट इंग्रजी छाप सापडला: मेड इन जर्मनी. मी म्हटलं, बघा, जर्मन तर आहे! बाई हसल्या. परदेशी मालावर देशाचं नाव यायला लागलं ते मुख्यतः ब्रिटनच्या 1887 च्या कायद्यामुळे. 1868 च्या पियानोवर हे शब्द कुठून येणार?

हस्तिदंताचंही तेच. खऱ्या हस्तिदंती पट्टीवर बहुतेक वेळा दोन तुकडे असतात, पुढचा रुंद आणि काळ्या पट्ट्यांमधला अरुंद, आणि त्यांच्यात केसासारखी सांध्याची रेघ दिसते. माझ्याकडे अख्खा एकच तुकडा, त्यावर वहीसारख्या सरळ समांतर रेघा. म्हणजे सेल्युलॉइड. एका अर्थी बरंच झालं. खरा हस्तिदंत असता तर या फाइलने मला आणखी खड्ड्यात घातलं असतं. 1989 साली साइट्स करारात, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात, आफ्रिकी हत्ती सर्वांत कडक यादीत गेला. हस्तिदंत असलेली वस्तू देशाबाहेर न्यायची तर परवाने लागतात, आणि जुनी म्हणून सूट मिळवायची तर वय सिद्ध करावं लागतं. खोटी पावती दाखवून ते करायला गेले असते तर फसवणूक करणारी मी ठरले असते.

फोटो मात्र माझ्या मनातून जाईना. मी तो घेऊन भिंतीला टेकवलेल्या फळीपाशी गेले. फोटोत मेणबत्तीचे हात होते, माझ्या पियानोला नव्हते. काढले असतील, त्याने सांगितलं होतं. बाहेरून पॉलिशने भोकं बुजवता येतात. आतली बाजू कोण पॉलिश करतं? मी ती फळी उलटी केली. कोरं, करडं, धुळकट लाकूड, एकही भोक नाही. त्या फळीला कधी स्क्रू लागलाच नव्हता. फोटोतला पियानो दुसराच होता.

खरा इतिहास त्या पहिल्या पट्टीच्या कडेला होता. जुने ट्यूनर तिथे पेन्सिलने सही-तारीख टाकायचे. तीन तारखा होत्या, सर्वांत जुनी 1911 ची. आत्याबाईंच्या तीन पानांपेक्षा ही तीन बोटांची जागा जास्त बोलकी होती, आणि ती बघायला काही लागत नाही. झाकण वर करा, पट्टी उचला. विकणारा “उघडू नका, नाजूक आहे” म्हणाला तर चप्पल घालून निघा. आणि जायच्या आधी ट्यूनरला सोबत न्या, नंतर नाही. मी त्यांची फी वाचवली होती.

फोन केला तर तो दुखावला. आत्याने सांगितलं तेच मी सांगितलं, म्हणाला. करारावर “वस्तू जशी आहे तशी” लिहिलेलं, खाली माझी सही. जाहिरात तोवर काढलेली, आणि मी तिचा फोटो काढून ठेवला नव्हता. तुम्ही ठेवा. विक्रीच्या कागदावर कंपनीचं नाव, वर्ष आणि क्रमांक त्याच्या सहीने लिहून घ्या. तोंडी आत्या कोर्टात येत नाही. दोन महिन्यांनी नंबर बंद झाला.

गेल्या महिन्यात मैत्रिणीने एक जाहिरात पाठवली, घेऊ का म्हणून. वेगळा पियानो, अक्रोडाचा, वर्ष 1874, लेखी इतिहास उपलब्ध. खाली पिवळट फोटो. परकरातली मुलगी या वेळी कापून टाकली होती, पण पायाशी काळं कुत्रं तसंच, एका कानावर पांढरा डाग. मजकूर वाचला. आत्या जाऊन तिच्या जागी मावशी आली होती.